रुमालाखालचा हात

माणसाला उचलून आपटायचं कसं हे शिकवून संसाराला हातभार लावणारी बाई नगरच्या अख्ख्या सावेडीत एकच आहे, आणि तिला साधी कोथिंबिरीची जुडी भाव करून घेता येत नाही. सत्यशीला पालवे तिचं नाव. वय चव्वेचाळीस, उजवा गुडघा कामातून गेलेला. जिना उतरताना कठड्याला धरून एकेक पायरी उतरते. नवरा वैजनाथ एमआयडीसीत फिटर आहे. तो पाहुण्यांना सांगतो, "आमच्याकडं भांडणं होत नाहीत. माझी टापच नाही."

ती मूळची पाथर्डीकडची. दिवाळी सरली की आईबाप कोयता घेऊन साखर कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यातच परतायचे. धाकट्या दोघांना त्यांनी बरोबर नेलं आणि हिला नगरच्या एका वसतिगृहात ठेवलं. तिथल्या एका खोलीत ज्यूदोच्या चटया गुंडाळून ठेवलेल्या होत्या. ज्यूदो शिकणाऱ्या मुलींना थंडीत त्या चटयांवर झोपायला मिळायचं, म्हणून आपण ज्यूदोत शिरलो, असं ती स्वतःच हसत सांगते. पुढं झोप राहिली बाजूला आणि ती राज्यस्तरापर्यंत खेळली. खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी आज लागेल, उद्या लागेल म्हणता म्हणता वय निघून गेलं. आता ती एका भाड्याच्या हॉलमध्ये डॉक्टर-वकिलांच्या मुलांना शिकवते. त्या मुलांच्या आया पहिल्याच दिवशी विचारतात, याचे दहावीला वाढीव गुण मिळतात ना? पडायला लागतं हे कळल्यावर निम्म्या जणी मुलांना बुद्धिबळाला घालतात.

तर अशा या बाईकडं दोन वर्षांपूर्वी एक फौजदार आले. घोडेगावच्या आसपासची चौदा पोरं हाताबाहेर चालली होती. मिरवणुकीत डोकी फोडणं, कोयते नाचवत रील काढणं, असले धंदे. "मॅडम, अजून केसेस मोठ्या नाहीत. आत्ताच कुठंतरी गुंतवली पाहिजेत," फौजदार म्हणाले. सत्यशीलानं ती रील पाहिली आणि तिला काही सुधरेना. ज्या कोयत्यानं तिच्या आईच्या तळहाताला कायमचे घट्टे पडले, तो हातात धरून ही पोरं चक्क हसत होती. राग आला, आणि रागाच्या भरातच ती "येते" म्हणून गेली.

बाजारतळाजवळच्या एका रिकाम्या गोदामात वर्ग सुरू झाला. चटया सावेडीच्या हॉलमधल्या जुन्या. जॅकेटं गावातल्या शिंप्यानं दुहेरी मांजरपाटाची शिवली. पहिले दोन महिने सत्यशीलानं पोरांना फक्त पडायला शिकवलं. पाठीवर पड, कुशीवर पड, हनुवटी छातीला लाव, जमिनीवर हात आपट. पोरं पार वैतागली. "म्याडम, पडायला काय शिकायचं? त्ये तर येतंयच की," असं म्हणणाऱ्या पोराचं नाव रविराज. डीजेच्या भांडणात काठीनं एकाचं डोकं फोडून तो फौजदारांच्या यादीत आला होता.

पाडायला शिकवायची वेळ आली तेव्हा तिनं एकच नियम घालून दिला. समोरच्याला टाकताना त्याची बाही हातातून सोडायची नाही. बाही सोडली की माणूस डोक्यावर जातो. धरून वर ओढली की पाठीवर येतो आणि उठून घरी जातो. जो बाही सोडेल त्यानं सगळं गोदाम झाडायचं. रविराजनं पहिल्या महिन्यात गोदाम इतक्या वेळा झाडलं की त्याची आई रतनबाई वर्गावर येऊन म्हणाली, "घरी कदी केरसुनीला हात लावला न्हाई त्यानं. बाई, तुमी शिकवता तरी काय?"

नियमाच्या जोडीला एक आरडाओरडाही होता. समोरच्यानं बाही ओढली तरी पोरं विचार करत उभी राहायची, म्हणून ती ओरडायची, "बाही ओढली की वळ! विचार करत बसायचं नाही!" हे ती दोन वर्षांत किती हजार वेळा ओरडली असेल. तिची आरोळी आणि तिचा नियम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा तिच्या डोक्यातही आलं नाही.

रविराज सुधारला म्हणावं तर सुधारला होता. भांडणं बंद झाली, पहाटे पळायला जाऊ लागला, पोलीस भरतीचा अर्ज भरायचा म्हणून कागद गोळा करू लागला. म्याडमची ताई कधी झाली ते तिलाही कळलं नाही. नुकतीच त्याला अठरा वर्षं पूर्ण झाली होती. आणि मग तो शुक्रवार आला.

शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. तिथली जुनी रीत अशी, की व्यापारी आणि विकणारा भाव तोंडानं बोलत नाहीत. खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकायचा आणि त्याच्या आड एकमेकांची बोटं धरायची. जितकी बोटं धरली तितका भाव. तो शेकड्यात की हजारात, हे विचारायचं नसतं. दोघांनाही ते ठाऊक असतं असं धरून चालायचं. आणि सौदा तुटेपर्यंत किंवा जुळेपर्यंत हात मधेच काढून घ्यायचा नाही, तो मोठा अपमान. रतनबाईला गाय विकायची होती. बाजार नेहमी तिचा भाऊ करायचा, पण तो पुण्याला गेलेला, म्हणून रविराज गाय घेऊन गेला. रुमालाखाली हात घालायची त्याची ही पहिलीच वेळ. समोर होते कारभारी आबा, सोनईचे व्यापारी, सत्तरीतले, चाळीस वर्षं बाजार करणारे.

दुपारी फौजदारांचा फोन आला. "मॅडम, तुमच्या पोरानं भर बाजारात म्हाताऱ्याला उचलून आपटलं. डाव्या खांद्याचं हाड मोडलंय. परगावच्या एका बाईनं व्हिडिओ काढलाय, बघा."

व्हिडिओ बारा सेकंदांचा होता. सत्यशीलानं तो ओट्याशी उभ्याउभ्या पाहिला, मग बसून पाहिला, मग चष्मा लावून पाहिला. दोन माणसं रुमाल टाकून उभी. म्हातारा पोराचा हात हिसकतो. पोरगं वळतं, म्हातारा त्याच्या कमरेवरून वर जातो. तिला एवढंच बघायचं होतं, की खाली येताना रविराजनं त्यांचा हात धरून ठेवला होता की सोडून दिला होता. धरला असेल, तर पोरगं वर्गात शिकलेलं करून गेलं. सोडला असेल, तर ते काठीवालंच पोरगं अजून आत बसलेलं आहे. आणि नेमक्या त्याच क्षणाला एक म्हैस मधे आली. चांगली धिप्पाड, हलत-डुलत, कुठली घाई नसलेली म्हैस. ती पुढं जाईपर्यंत म्हातारा जमिनीवर होता आणि रविराज दोन पावलं मागं. ती म्हैस कुणाची होती देव जाणे, पण सत्यशीलानं तिला मनातल्या मनात वाट्टेल त्या शिव्या घातल्या.

फौजदार माणूस बरा होता. म्हणाले, "कारभारींचा जबाब सोमवारी घेतोय. ते मुद्दाम आपटलं म्हणाले तर गुन्हा दाखल. भरती विसरा, आणि तुमचा वर्गही बंद होणार, वरून विचारणा होतेय. तुम्ही लेखी द्या ना. मुद्दाम झालं की चुकून? तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

आता हे म्हणजे फार झालं. कळत असतं तर तिनं तिथंच सांगितलं असतं.

शनिवारी ती गोदामात गेली. एकही पोरगं नव्हतं. आयाबापांनी घरी डांबून ठेवली असणार. रविराज एकटाच गोदाम झाडत होता, कुणी सांगितलेलं नसताना.

"बस," ती म्हणाली. "काय झालं ते सांग."

"आबांनी बोटं धरली. लई कमी धरली, ताई. इतक्यात तर शेरडू बी यायचं न्हाई. मी हात काडाया लागलो. त्यांनी मनगटाला धरून हिसका दिला. 'मधीच हात काडतो व्हय रं?' म्हनले. आनि मग त्ये खाली हुते."

"मधलं सांग."

"मधलं आठवंना."

"राग आल्ता?"

"आल्ता."

"म्हणजे रागानं टाकलंस?"

तो केरसुणीच्या काड्या ओढू लागला. "राग आल्ता त्ये खरं. पन टाकताना त्यो राग हुता का न्हाई, म्हाईत न्हाई."

"आणि हात? सोडलास का धरलास?"

"त्ये बी म्हाईत न्हाई, ताई."

तिला त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. लेकाला एवढं खोटं बोलता येऊ नये? 'धरला हुता' म्हणाला असता तर तीही विश्वास ठेवून मोकळी झाली असती. पण तिनंच शिकवलं होतं, वळताना विचार करायचा नाही. विचार केला नाही तर आठवणार कुठून? म्हणजे म्हाताऱ्याला नेमकं पाडलं कुणी, रविराजनं की तिच्या आरोळीनं? घरी येईपर्यंत तिचं डोकं दुखायला लागलं.

"लिहून दे, चुकून झालं म्हणून," वैजनाथ म्हणाला.

"मला माहीत नाही ते चुकून झालं का."

"मग मुद्दाम केलं म्हणून दे."

"तेही माहीत नाही."

"मग तुला माहीत काय आहे, शीला?"

ती विचार करून म्हणाली, "तो झाडतो चांगलं." आणि तिला रडू आलं. वैजनाथनं कुकर लावायला घेतला.

रविवारी सकाळी तिनं स्कूटर काढली, घोडेगावला रविराजला मागं बसवलं आणि थेट सोनईजवळची कारभारींची वस्ती गाठली. माफी मागायची एवढंच ठरवलेलं. पुढं काय बोलायचं ते ठरलेलं नव्हतं. अंगणात बाजेवर कारभारी बसले होते, डावा हात झोळीत, उजव्या खांद्यावर रुमाल. त्यांच्या बायकोनं, झुंबरबाईनं, पाणी आणून दिलं आणि कुणी न विचारता सांगून टाकलं, "ह्यांना खांद्याचं काय न्हाई. बाजारात समद्यांनी बगितलं, त्येचं दुकतंय."

"तू गप," कारभारी म्हणाले. मग सत्यशीलाकडं वळले. "तुमीच व्हय शिकवनाऱ्या बाई? चांगलं शिकवलं. चाळीस वर्सं बाजार केला, कुनी बोट लावलं न्हाई."

"चुकलं, आबा," सत्यशीला म्हणाली. रविराज खाली मान घालून उभा होता.

"चुकलं काय? पडलो त्ये पडलो, मानूस पडतंय. पन ह्यो गडी पडताना बी माझा हात सोडंना! सोडला असता तर दोनी हात टेकून सावरलो नसतो? न्हाई सोडला. वर वडून धरला आनि आपटलं. ह्येला मुद्दाम न्हाई तर काय म्हनायचं? उद्या सायबाला ह्येच सांगनार हाय मी."

सत्यशीला हातातला तांब्या तसाच धरून उभी राहिली. "पुन्हा सांगा, आबा."

"काय पुन्हा सांगा? हात सोडला न्हाई त्यानं!" म्हातारा आणखीच चिडला.

म्हशीच्या आड जे घडलं ते हेच होतं. दोन दिवस ती ज्यासाठी डोळे फोडत होती ते म्हातारा ओरडून सांगत होता, आणि नेमका तोच त्याचा आरोप होता. तिला एकदम हलकं वाटलं, आणि लगेच घाबरायलाही झालं, कारण हे याला समजावून कसं सांगायचं? तिनं प्रयत्न केला. हात धरला म्हणून डोकं वाचलं, सोडला असता तर मान गेली असती, वगैरे. कारभारींनी सगळं ऐकून घेतलं. "पाडनारा मानूस वाचवत असतोय व्हय? बाई, मी म्हातारा झालोय, येडा न्हाई."

बोलून भागणार नव्हतं. "काकी, गोणपाट आहे का?" तिनं विचारलं.

झुंबरबाईनं दोन गोणपाटं आणून अंगणात टाकली. सत्यशीलानं पदर खोचला. "रविराज, टाक मला."

"ताई, तुमचा गुडगा..."

"गुडघ्याचं मी बघते. टाक."

त्यानं टाकली. ती पाठीवर आली, हात जमिनीवर आपटला, धुरळा उडाला. झुंबरबाई किंचाळली. सत्यशीला उठली. "बघितलं, आबा? हे धरून टाकणं. आता सोडून टाकलं तर काय होतं बघा. रविराज, टाक, आणि मधेच माझा हात सोड. मला पडायला येतं, काळजी करू नको."

तो वळला. तिचे पाय सुटले. सोडणार म्हणून तिनं मान आत घेतली, अंग आखडलं. पण ती पुन्हा पाठीवरच आली, आणि तिचा उजवा हात अजून त्याच्या मुठीतच होता.

"सोड म्हणलं ना!"

"पुन्ना करतो."

पुन्हा तेच. या वेळी गुडघ्यातून कळ गेली आणि तिला उठवेना. वर रविराज तिचा हात धरून उभा होता, आणि बोटं कुणी शिवून टाकल्यासारखा स्वतःच्याच मुठीकडं बघत होता.

"सुटंना, ताई," तो म्हणाला. "मी सोडतोय, पन सुटंना."

सत्यशीला जमिनीवरूनच म्हणाली, "आबा, तुमच्यात रुमालाखालचा हात मधेच सोडतात का?"

"न्हाई सोडत."

"आमच्यातबी न्हाई."

"पन ह्यो सोडत हुता की! हिसका काय उगीच दिला मी?"

"पहिल्यांदाच आल्ता, आबा. मामा नव्हता बरोबर."

कारभारींनी रविराजला खालवर न्याहाळलं. मग म्हणाले, "ये हिकडं."

तो बाजेजवळ गेला. म्हाताऱ्यानं चांगल्या हातानं खांद्यावरचा रुमाल ओढला, पोराच्या मनगटावर टाकला, खालून हात घातला आणि काही कळायच्या आत जोराचा हिसका दिला. शुक्रवारी दिला होता तसाच. सत्यशीलानं रविराजचा डावा पाय मागं सरकताना पाहिला. तो पाय कुठं जातो हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनंच तो तिथं ठेवायला शिकवला होता.

पाय तिथंच थांबला. रविराज घामानं निथळत होता, पण वळला नाही. रुमालाखाली काहीतरी हललं. दोघं एकमेकांच्या डोळ्यांत बघत होते. मग कारभारींनी रुमाल काढला, झटकला आणि खांद्यावर टाकला. "झालं. जावा आता."

परतीच्या वाटेवर सत्यशीलानं विचारलं, "काय धरलं रे त्यांनी?"

"चार बोटं."

"चार काय?"

"त्ये बोलत न्हाईत, ताई. दोघांला ठावं असतं."

"तुला ठाऊक आहे?"

"न्हाई."

"मग इचारायचं ना!"

"इचारत नसत्यात."

सोमवारी दुपारी फौजदारांचा फोन आला. आवाज जरा चमत्कारिकच होता. "कारभारींनी जबाब दिला. म्हणतात, म्हैस अंगावर आली म्हणून पडलो. पोरगं धरायला गेलं होतं. मॅडम, व्हिडिओत म्हैस आहे खरी. तुमचं लेखी तेवढं पाठवा."

सत्यशीलानं कागद पुढं ओढला. मग लिहिलं, 'म्हैस आडवी आल्यामुळे मला नीट दिसले नाही.' त्यात खोटं काहीच नव्हतं. तरी सही करताना तिला चोरी केल्यासारखं वाटलं.

पुढच्या शुक्रवारपासून रविराज त्या चार बोटांची फेड म्हणून बाजारात कारभारींची जनावरं सोडू-बांधू लागला. वर्गात पोरं हळूहळू परतली. सत्यशीला आता 'बाही ओढली की वळ' असं ओरडायला तोंड उघडते आणि मधेच थांबते, मग नुसतंच "हं" म्हणते. पोरं गोंधळतात. काय ओरडायचं ते तिला अजून सुचलेलं नाही.

चार आठवडे उलटले. पाचव्या शुक्रवारी ती मुद्दाम बाजारात गेली. म्हाताऱ्याची झोळी निघालेली होती, आणि रविराज दोन खोंडांचे कासरे धरून त्यांच्या शेजारी उभा होता.

"चार आठवडे झाले की रे," ती म्हणाली.

"झाले."

"मग चार महिने होते का?"

"म्हाईत न्हाई, ताई." त्यानं कासरे दुसऱ्या हातात घेतले. "आबांनी अजून सोड म्हनलं न्हाई."

मागून कारभारींनी हाक मारली. एक गिऱ्हाईक समोर उभं होतं आणि म्हाताऱ्यानं खांद्यावरचा रुमाल काढून रविराजपुढं धरला होता. रविराजनं कासरे सत्यशीलाच्या हातात दिले, शर्टाला तळवे पुसले आणि रुमालाखाली हात घातला.